जपानमधील घटते विद्यार्थी आणि मुलींच्या राखीव जागा

प्रश्न : जपानमध्ये १९९२ साली १८ वर्षांची सुमारे २०.५ लाख मुले-मुली होती, आता ती ११ लाखांच्या आसपास आहेत. तेथील अभियांत्रिकी संस्था मुलींसाठी जागा राखू लागल्या आहेत, त्या समतेसाठी की वर्ग भरण्यासाठी?

प्रतिसाद १ : दोन्ही कारणे असावीत. मात्र टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या नामांकित संस्थेला विद्यार्थ्यांचा तुटवडा नव्हता, तरीही तिने २०२४ च्या प्रवेशापासून अशा जागा ठेवल्या.

प्रतिसाद २ : वैद्यकीय प्रवेशांत उलटेच घडले. टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीने मुलींचे गुण गुपचूप कमी केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. बाळंतपणानंतर त्या नोकरी सोडतात, अशी सबब पुढे आली. वृद्धांच्या देशात होऊ घातलेल्या डॉक्टरांनाच दारातून परत पाठवायचे, हा हिशेब अजबच!

प्रश्नकर्ता : आभार. आपल्या आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, त्यामुळे मुलांच्या जागा घटल्या नाहीत. टोकियोत मात्र सर्वसाधारण जागांना कात्री लागली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.