मदत हवी आहे: काकांच्या स्लाइड्समधली जुनी लढाऊ विमानं ओळखायचीयत

नमस्कार मंडळी, काका नव्वदच्या दशकात इंग्लंडला असताना डक्सफर्डचा एअरशो बघून आले होते, त्याच्या स्लाइड्स आत्ता गिरगावच्या घरी माळ्यावर सापडल्या. स्पिटफायर नि हरिकेन जमलं ओळखायला, स्पिटफायरचे पंख लंबगोल आणि हरिकेनची पाठ जरा कुबड आल्यासारखी. पण एका स्पिटफायरला पाच पात्यांचा प्रॉपेलर दिसतोय, म्हणजे मर्लिन नाही, ग्रिफन इंजिनवालं, बरोबर ना? मग ते मॉडेल कुठलं, मार्क १४ की १९? १९ हे फोटो काढायचं विमान, त्याला तोफा नव्हत्या एवढं माहितीय, पण तोफा जिथे दिसल्या असत्या त्या पंखाच्या कडेलाच नेमकी बुरशी आलीय (मुंबईची हवा, दुसरं काय!).

आणखी एक पिवळं, दोन सीटचं, पुढे गोल रेडियल इंजिन. मला तरी हार्वर्डच वाटतंय, आपल्या हवाई दलात पण होती ती ट्रेनिंगला. काका म्हणतात सगळ्यात जास्त बोंबलत तेच गेलं डोक्यावरून, नाव मात्र आठवत नाही त्यांना.

आणि दादर-फोर्टकडे बुरशी साफ करून स्लाइड्स नीट स्कॅन करून देणारं कोणी आहे का? एकाकडे दिल्या तर त्याने आकाश पोपटी करून दिलं. त्या काळात डक्सफर्डला गेलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकतो.