शाळेत रोज उशीर होणारी मुलं: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ: आज नाशिकला रामवाडी पुलाकडून येताना एका शाळेच्या फाटकाबाहेर उशिरा आलेल्यांची रांग दिसली आणि माझा सातवीतला एक विद्यार्थी आठवला. पंचवटीत शिकवत होते तेव्हाचा. उशीर झाला की प्रार्थना संपेपर्यंत बाहेर, मग अंगठे धरून उभं राहायचं. हळूहळू त्याचा उशीर थांबला नि खाडे सुरू झाले! एकदा तळहातावरचे वळ दिसले, दुधाच्या कॅनच्या कडीचे. पहाटे काकांबरोबर रतीब घालायचा. पाच मिनिटं चुकली की शाळेकडे न फिरकता सरळ गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) जाऊन बसायचा. मग मी (भांडूनच) ठरवून घेतलं: कितीही वाजू देत, वर्गात यायचं. शिक्षा नाही, बुडालेलं मधल्या सुट्टीत माझ्यासमोर लिहायचं. काकांना सांगून शेवटची चार घरं कमी केली. उशीर पूर्ण नाही गेला, खाडे मात्र गेले.

मिसळभक्त: मी त्या रांगेचा आजीव सभासद. आमचे पीटीचे सर विचारायचे, "आलात? चहा टाकू?"

निफाडकर: डिसेंबरात आमच्याकडे सकाळी सहाला पाण्यात हात घालून दाखवा, मग बोला. बंब तापायलाच अर्धा तास.

दोन_पोरांची_आई: चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी नको, हा निर्णय २०२४ चा. आमची थोरली नेमकी तेव्हाच पाचवीत 😭 तिचा रोज एक मोजा हरवायचा. शेवटी सात जोड एकसारखे आणले, कुठलाही घाल. दहा मिनिटं वाचतात, शपथ.

गोदाकाठ: मोज्यांचं भारीये!

रिक्षाकाका: एका पोरासाठी रोज सगळी रिक्षा थांबायची. मी गल्लीत शिरणंच बंद केलं. कोपऱ्यावर दोन हॉर्न, मग निघालो. एकदाच राहिला, दुसऱ्या दिवशी माझ्या आधी हजर. द्वारकेच्या चौकात अडकलो तर मात्र माझ्या हातात नाही.

निफाडकर: द्वारकेचं नाव नका काढू सकाळी सकाळी.

फळा_खडू: आठवी-नववीच्या पोरांना नुसतं आळशी म्हणू नका. त्या वयात झोपच उशिरा येते आणि लागते आठ ते दहा तास. त्यात उशाशी मोबाइल. आमच्याकडे तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. पहिला आठवडा घरात महाभारत.

मिसळभक्त: ताई, तो दूधवाला पोरगा आता काय करतो?

गोदाकाठ: दहावीनंतर गाठच नाही हो. थांबा, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे.