परवान्याचं पिस्तूल आणि घरातली मारहाण: 'हा अमेरिकेचा प्रश्न' म्हणणाऱ्यांसाठी

कर्वेनगरची: काल इथे एकाने लिहिलं, 'बंदूक आणि घरगुती हिंसाचार ही अमेरिकेची भानगड, आपल्याकडे परवाने कडक आहेत.' वाचून डोकं फिरलं.

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं. गोळी त्याने कधीच झाडली नाही. भांडण झालं की पिस्तूल कपाटातून काढायचा, जेवणाच्या टेबलावर भाजीच्या पातेल्याशेजारी ठेवायचा आणि जेवत राहायचा. ती गप्प, पोरं गप्प. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, 'गोळी झाडली का?'

जुलै 2023 मध्ये एका सहायक पोलीस आयुक्ताने बायको आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःला संपवलं, ते पुण्यातल्या बाणेरमध्ये. निवडणूक लागली की परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. मतदानासाठी जमतं, मग बायकोने तक्रार केल्यावर का जमत नाही?

पेठेतला: ती पोस्ट माझी आणि मी ठाम आहे. आपल्याकडे बायका मरतात त्या गळा दाबून, जाळून, कोयत्याने. ज्याला मारायचंच आहे तो मध्य प्रदेशातल्या उमरटीचा बेकायदा गावठी कट्टा आणेल. परवाना काढून घेऊन काय साधणार?

कोर्टातली: साधतं. अमेरिकेतल्या 2003 च्या अभ्यासात छळणाऱ्याच्या हाताशी बंदूक असली की बाईच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट दिसला. घरगुती मारहाणीत दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगायला तिथे 1996 पासून बंदी आहे. कोर्टाचा संरक्षण आदेश असलेल्यांवरची बंदीही त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये 8 विरुद्ध 1 अशी कायम ठेवली. आपल्याकडेही घरगुती हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत, दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला की हिंसाचारात वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीने जप्त करणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं, म्हणजे पीडितेच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याचं काम आहे. वापरतंय कोण?

आणि निवडणुकीत सरसकट जमा करत नाहीत, छाननी समिती ठरवते.

शिरूरकर: परवाने कडक फक्त आमच्यासाठी. रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला उसातून जायचं, बिबट्या कुठे बसलाय पत्ता नाही. माझा अर्ज धूळ खात पडलाय. प्लॉटिंगवाल्यांच्या कमरेला मात्र पिस्तूल.

पेठेतला: बरोबर! खऱ्या गरजूला मिळत नाही.

कोर्टातली: बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. परवाना असला तरी जीव वाचवण्याखेरीज त्याला गोळी घालता येत नाही.

शिरूरकर: मॅडम, एक रात्र उसात काढा, मग अनुसूची सांगा. हवेत बार काढायला तरी हवी की नाही? आमची पोरं उचलून नेतोय तो.

कर्वेनगरची: दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे बायकांबद्दल बोलतोय आणि सगळे बिबट्यावर!

शिरूरकर: वेगळा कशाला? भुकूमचं हगवणे प्रकरण आठवा, मे 2025. सुनेच्या मृत्यूनंतर छळाचा गुन्हा, आणि तिच्या नवऱ्यावर आणि दिरावर खोटा पत्ता देऊन शस्त्रपरवाना घेतल्याचाही गुन्हा. माझा पत्ता खरा, म्हणून मी लटकलो. बाईचा छळ होतोय का, हे परवाना देताना कुणी विचारतं का?

कर्वेनगरची: हे मात्र पटलं. शेजाऱ्यांकडे चौकशी करतात, बायकोला एकटीला बसवून कुणीच विचारत नाही.

पेठेतला: आणि खोट्या तक्रारी? माझ्या मित्राचं आयुष्य घटस्फोटाच्या केसमध्ये गेलं. उद्या कुणीही अर्ज टाकेल आणि माणूस निःशस्त्र.

कर्वेनगरची: निःशस्त्र म्हणजे काय होतं हो? आम्ही सगळे निःशस्त्रच राहतो पुण्यात! तक्रार खोटी निघाली तर पिस्तूल परत मिळेल. माझी बहीण तीन खोल्यांच्या घरात त्या टेबलासमोर जेवत होती, तिची भूक कोण परत देणार?

पेठेतला: आवाज चढवू नका. ठीक आहे, निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा, एवढं मान्य. कायमचं रद्द नाही.

कोर्टातली: कायमचं कुणी मागितलंच नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 17 खाली परवाना निलंबितही करता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढच्या अर्जात पिस्तुलाचा उल्लेख करा आणि परवाना देणाऱ्याला वेगळं पत्र द्या. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. पोच घ्यायला विसरू नका.