मदत हवी आहे: आखातात गेलेल्या कोकणी बाईची कथा मराठीत कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार. मी रत्नागिरीत एम.ए. मराठीचा प्रबंध लिहिते आहे. विषय आहे परदेशी गेलेल्या स्त्रीची ओळख आणि तिची सांस्कृतिक ओढाताण.

झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) आणि भारती मुखर्जींची 'जस्मिन' (१९८९) वाचून झाल्यात. 'द नेमसेक'मधली आशिमा अमेरिकेतल्या केंब्रिजच्या स्वयंपाकघरात मुरमुऱ्यांऐवजी राइस क्रिस्पीज घेऊन झालमुरीची, म्हणजे बंगाली भेळेची, चव आणू पाहते. तिची सगळी घालमेल मला तिथे दिसली. जस्मिनचं नाव तर गावागणिक, माणसागणिक बदलत जातं. मराठीत गौरी देशपांडेंची 'तेरुओ' वाचली.

पण या तिन्हींत माझ्या आजूबाजूची बाई नाही. राजापूर, दापोली, खेडकडच्या कितीतरी घरांतली माणसं कुवेत-दुबईत आहेत. त्यांच्यासोबत गेलेल्या बायका तिथे कोणती भाषा बोलतात, परत आल्यावर माहेरी पाहुण्या होतात का, हे मला कथेत शोधायचंय. मागे राहिलेल्या बायकांच्या कथा सापडल्या, त्या नको आहेत.

कॉलेजचं आणि गावातलं वाचनालय धुंडाळलं, दिवाळी अंकांचे जुने गठ्ठेही चाळले. आत्मकथन किंवा प्रवासवर्णन चालणार नाही, मार्गदर्शक बाईंची अट कथा-कादंबरीचीच आहे. कोकणी किंवा उर्दूतून मराठीत आलेला अनुवाद चालेल. मूळ उर्दू मला वाचता येत नाही.

स्वतः आखातात राहिलेल्या एखाद्या लेखिकेने लिहिलेली अशी कथा कुणाच्या वाचनात आली आहे का, आणि ती कुठल्या संग्रहात किंवा अंकात मिळेल?