प्रतिसाद: दोष म्हाताऱ्या जहाजाचा नव्हता

वर कुणीतरी 'पारिझ्स्काया कोमुना' ही सोव्हिएत युद्धनौका जुनी होती म्हणून वादळात मोडली, असं म्हटलंय. जुनी होतीच, १९१४ची. पण घोळ नव्या कामाने घातला. बाल्टिकसाठी बांधलेलं हे बुटकं जहाज काळ्या समुद्रात न्यायचं म्हणून पुढे उंच नाळ (जहाजाचं पुढचं टोक) चढवली, तीही वरून उघडी! १९२९च्या अखेरीस बिस्केच्या उपसागरात तिच्यात लाटांचं पाणी हौदासारखं साचलं आणि नाळेची पार वाट लागली. फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात थांबून वरचा कठडाच काढून टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९३०मध्ये स्वारी काळ्या समुद्रावरच्या सेवास्तोपोल बंदरात पोचली. मोठी डागडुजी नंतर तिथेच झाली. १९४१-४२मध्ये याच जहाजाने जर्मनांवर इतके गोळे डागले की ३०५ मिलिमीटरच्या तोफांच्या नळ्या झिजल्या.