थर्माकोलची पृथ्वी नको, गळका नळ मोजू द्या

सिडकोची आई
लेक तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून 'पृथ्वी वाचवा' प्रकल्पाची सूचना आली: थर्माकोलचा गोळा, निळा-हिरवा रंग, वर चमकी. रात्री साडेदहाला गोळा मी रंगवत होते आणि पोरगी झोपली होती. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि पर्यावरणाचे मार्क आपण त्याच थर्माकोलला देतोय.

याउलट माझी नणंद दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिथला हात धुण्याचा नळ गळत होता. तिने मुलांना 200 मिलिलिटरचा पेला नळाखाली धरायला लावला. 10 मिनिटांत भरला. मग फळ्यावर हिशेब: तासाला 6 पेले, दिवसाला 144, म्हणजे 28 लिटर 800 मिलिलिटर. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरचे दोन हंडे!" घरी गेल्यावर त्या मुलांनी स्वतःहून नळ तपासले.

माझं ठाम मत आहे की चौथीपर्यंत पर्यावरण हा विषय हातांनीच शिकवावा. भाषणं, तक्ते, प्रश्नोत्तरं काही नको.

फळा-खडू
ताई, मी 14 वर्षं प्राथमिकला शिकवतोय. तुमची कळकळ पटते, मागणी पटत नाही. माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत बसतात. तिसरीतली काही मुलं जोडाक्षराला अडतात. आधी वाचायला शिकवू की खतखड्डा खणू? तिसरीपासून परिसर अभ्यास आहेच. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय. दर नव्या उपक्रमामागे फोटो, लिंक, अहवाल येतात. रोप लावायला 10 मिनिटं जातात आणि फोटो चढवायला सगळा तास. नंतर रोपाला पाणी कोण घालतं, ते कोणी विचारत नाही.

नासर्डीकाठ
माझा विरोध वेगळा आहे. बिघडवलं मोठ्यांनी आणि निस्तरायचं आठ वर्षांच्या पोरांनी? नाशिकच्या नासर्डी नदीच्या पुलावरून जाताना मुलगा नाक दाबतो आणि विचारतो, "बाबा, ही नदी आहे ना?" त्याला काय सांगू, दात घासताना नळ बंद कर म्हणजे ही स्वच्छ होईल? घरी तो ओला-सुका कचरा मन लावून वेगळा करायचा. एक दिवस सोसायटीच्या सफाईवाल्याने त्याच्यासमोर दोन्ही डबे एकाच पिंपात ओतले. त्या दिवसापासून त्याने डब्याला हात लावलेला नाही. मोठ्यांची व्यवस्था सुधारल्याशिवाय हे उपक्रम म्हणजे मुलांची फसवणूक आहे.

द्राक्षबागवाले आजोबा
नासर्डीकाठ, मुलाला पिंप दाखवलंत, आता त्याला घेऊन सोसायटीच्या बैठकीला जा. पोराने विचारलं की मोठ्यांना उत्तर द्यावंच लागतं.

आमच्या गावच्या शाळेत खताचं पिंप ठेवलं होतं. पोषण आहारातला उरलेला भात रोज त्यात पडायचा. आठवड्यात असा वास सुटला की सगळे म्हणाले, बंद करा. मी मुलांना बागेतला वाळला पाला गोळा करायला लावला. भाताचा एक थर, पाल्याचे दोन, आणि चार दिवसांनी काठीने खालवर. नुसता ओला कचरा दाबून बसला की आत हवा जात नाही, म्हणून नासतो. मुलांनी नाक धरून हलवलं, पण हलवलं. दोन महिन्यांनी एका मुलीने मूठभर खत हुंगलं आणि म्हणाली, "पहिल्या पावसाचा वास येतोय." हे पुस्तकातून कसं देणार, सर?

फळा-खडू
आजोबा, वासाचं पटलं. पण तुमच्याकडे बाग होती आणि तुमच्याकडे वेळ होता. आमच्या शाळेला पत्र्याची शेड आणि फरशीचं अंगण आहे. पाला आणू कुठून?

सिडकोची आई
सर, खतखड्ड्याची सक्ती मला नकोच. नळाचा हिशेब तर गणिताच्या तासातच झाला, गुणाकारच शिकवायचा होता. हस्तव्यवसायातून सगळे विषय शिकवावेत, हे गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला मांडलंच होतं. जोडाक्षरांचंही तसंच. मुलांना 'स्वच्छ', 'कचऱ्याचा डबा', 'पाण्याची टाकी' लिहून आपल्याच शाळेतल्या वस्तूंवर चिकटवू द्या. वेगळा तास लागणार नाही. फोटो आणि अहवाल बंद करा, एवढी मागणी आपण दोघे मिळून करू.

आणि पर्यावरण दिन येतो 5 जूनला, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणजे शाळा उघडल्यावर तारीख गाठायची घाई नाही. उरलेला जूनभर रोज एकच पेला मोजला तरी चालेल.

नासर्डीकाठ
बैठकीला मुलाला नेईन. पण तिथे त्याला कोणी हसलं, तर मी पुन्हा इथे येऊन भांडणार.

फळा-खडू
नळ आमच्या शाळेतही गळतो. सोमवारी पेला धरतो. पण कोणी अहवाल मागितला, तर त्याच दिवशी सोडून देणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सिडकोची आई
पेला किती मिनिटांत भरला तेवढं इथे लिहा, सर. माझी लेक तिच्या शाळेच्या नळाशी ताडून बघायला बसली आहे.