एमआर२ मध्ये क्लचसोबत गिअरबॉक्सही बदलावा का?

प्रश्न: माझ्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर२ मध्ये मूळच्या टर्बोविरहित इंजिनाच्या जागी टर्बो इंजिन बसवले आहे. वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. केवळ क्लच बदलून भागेल का?

उत्तर १: हे क्लच घसरण्याचेच लक्षण आहे, मात्र मूळचा एस५४ गिअरबॉक्स तसाच ठेवून भक्कम क्लच बसवल्यास, आजवर घसरणीत वाया जाणारा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) थेट गिअरच्या दात्यांवर येईल. त्यामुळे टर्बो मॉडेलचा अधिक भक्कम ई१५३ गिअरबॉक्स घ्यावा. त्याचे ड्राइव्हशाफ्टही (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत गती नेणारे दांडे) लागतील, हे खर्च आखतानाच धरावे.

उत्तर २: सहमत. गाडी रोज रस्त्यावर चालवणार असाल, तर क्लचची सिरॅमिक डिस्क टाळावी, असे माझे ठाम मत आहे. ती टॉर्क पेलते, पण रहदारीत गाडी झटके देत सुटते. ऑरगॅनिक डिस्क आणि अधिक दाबाची प्रेशर प्लेट (डिस्क दाबून धरणारी तबकडी) घ्यावी. गिअरबॉक्स उतरवलेलाच असेल, तेव्हा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सीलही बदलून घ्या, कारण झिरपलेले तेल डिस्कवर पोहोचले की नवा क्लचही घसरू लागतो.

प्रश्नकर्ता: बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खालच्या कडेला तेलाचा ओलावा दिसतोच आहे, तेव्हा सील आधी मागवतो.